पसंतीक्रम

शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत भरायचा फॉर्म.
पहिली पसंती, दुसरी, तिसरी.
खाली बारीक अक्षरात एक चौकट :
कारण. सक्तीचं नाही.

मी दुकानातल्या स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप.
समोर अप्पा काट्याचं ताट उलटं करून
दांडीच्या धारेवरचा गंज घासतायत.
उदगीरच्या निम्म्या दालमिलचे काटे
या टेबलावर येऊन
आपलं खोटं कबूल करून गेलेत.

नाझनीन, माझ्याहून दोन वर्षं पुढं, फोनवर म्हणाली :
मुंबईत बँका, गुरगावात सरकारी कामं,
बंगळूरला जागा भरपूर आणि माणसंही भरपूर.
हैदराबादचं ऑफिस नवं, तीसेक जण,
पार्टनरला तुझं नाव पहिल्या महिन्यात कळेल,
तुझी चूकही.
आणि तसंही, ती हसली,
सोमवार ते गुरुवार तू क्लायंटच्या कँटीनमध्ये.
ऑफिस म्हणजे शुक्रवारी डबा उघडायची जागा.

त्या एका डब्यासाठी
मी तीन रात्री जागी.

हैदराबाद सोपं होतं.
रात्री गाडीत बसायचं, पहाटे उतरायचं.
आत्याच्या लग्नाचा बस्ता तिकडूनच आलेला,
अप्पांचं पहिलं इलेक्ट्रॉनिक मशीनही.
आमच्या गल्लीत चार भाषांत भांडता येतं,
तिथं दोन पुरतील.

पहिल्या रकान्यात टाकलं, मोठ्यानं वाचलं.
अप्पांनी मान वर केली नाही.
"का बरं?"
जवळ आहे.
"जवळ हाय म्हणून घेऊ नको, माय.
मी घेतलं होतं."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
चौबाऱ्यामागं, घरापासून चाळीस पावलांवर
पहिलं दुकान. अकरा महिने.
जेवायला घरी यायचे,
गिऱ्हाईक नेमकं तेवढ्यात यायचं, जायचं.
आई तो विषय कधी काढत नाही.
शटरचे पैसे तिच्या पाटल्यांचे होते.

मग म्हणे दोन दिवस
मोंढ्याच्या रस्त्यावर नुसते उभे राहिले.
खिशात वही. गाड्या किती,
भरलेल्या किती, रिकाम्या किती,
कुठं थांबतात, कुठं नुसत्या जातात.
नाक्यावर गर्दी, पण सगळ्यांनाच घाई.
"हितं चढ हाय. चढावर गाडी हळू होती.
हळू झालेला माणूस पाटी वाचतो."

दोन वर्षं वर्गात मला
जे चार रंगांच्या तक्त्यांतून शिकवलं
ते एका वहीत, पेन्सिलीनं,
मागच्या पानावर चहाची उधारी.

मी रकाना पुसला.
चार ऑफिसांतल्या सात जणांना फोन लावले.
पहिल्या वर्षी कोण कुणाला शिकवतं,
कोण सोडून गेलं, जाताना काय बोललं,
चुकलेला आकडा कुणाच्या नावावर पडतो,
आजारी पडलं तर कुणाला कळवायचं.
लिहून घेतलं बिलबुकाच्या पाठीवर,
टोक गेलेल्या त्यांच्याच पेन्सिलीनं.

पाच वाजून चाळीस.
उत्तर हैदराबादच आलं.
पण आता ते जवळ नव्हतं.

अप्पांनी पाच किलोचं माप उलटं धरलं,
त्याच्या पोटातल्या शिशावर नख फिरवलं.
"तिथं कुणाचा काटा बिघडलाय,
ते विचारलंस का?"
तेवढंच विचारायचं राहिलं होतं.

कारणाच्या चौकटीत मी लिहिलं : चढ आहे.
मग खोडलं,
इंग्रजीत दोन इस्त्रीची वाक्यं घातली,
वाढीची संधी वगैरे,
आणि सहाला सात कमी असताना
पाठवून दिलं.

अप्पा म्हणाले, शटर अर्धं ओढ,
धूळ येतीय काट्यावर.